लिनोट्रॉन २०२ : एका अक्षरजुळणी यंत्राच्या दुरुस्तीचा इतिहास

मुद्रणाच्या इतिहासात नवे यंत्र केव्हा आले याची नोंद आवर्जून होते. ते बिघडल्यावर कोणी व कोणत्या मार्गाने चालते केले, हे मात्र सहसा कोणी लिहून ठेवीत नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९७९ साली विकत घेतलेल्या लिनोट्रॉन २०२ या यंत्राची हकीकत या बाबतीत अपवादात्मक होय. तीही तेहतीस वर्षे अप्रकाशितच राहिली.

या प्रकरणाची पूर्वपीठिका प्रथम पाहिली पाहिजे. बेल प्रयोगशाळेतील युनिक्स प्रणालीला आरंभीच्या काळात आश्रय मिळाला तो पेटंट विभागाच्या लेखनकामामुळे. पुढे जो ओसाना यांनी १९७३ च्या सुमारास ‘ट्रॉफ’ ही आज्ञावली रचली. ती ‘कॅट’ नावाच्या फोटोटाइपसेटरसाठी होती. या यंत्रात शिशाचे खिळे नव्हते. फिल्मच्या पट्टीवरील अक्षरांतून प्रकाश टाकून ती छायाचित्रणाच्या कागदावर उमटविली जात. एका वेळी चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर १०२ चिन्हे आणि अक्षरांचे पंधरा आकार, एवढीच त्याची संपत्ती. कागद रसायनात धुऊन निघेपर्यंत चूक दिसत नसे. आणि दिसली तरी ती लेखकाच्या मजकुरातली, आज्ञावलीतली की यंत्रातली, हे सांगणे अवघड असे. जुन्या छापखान्यातील जुळारी निदान खिळा हातात घेऊन पाहू शकत होता.

अडचणीचे मूळ असे की यंत्राच्या या मर्यादा ओसाना यांच्या आज्ञावलीतच गुंफल्या गेल्या होत्या. १९७७ मध्ये ओसाना निधन पावले, आणि त्यांची अत्यंत संक्षिप्त रचना भाष्याविना राहिलेल्या सूत्रग्रंथासारखी मागे उरली. १९७९ च्या वसंत ऋतूत ब्रायन कर्निगन यांनी तिच्यात पालट करावयास घेतले. यंत्राचे वर्णन त्यांनी आज्ञावलीतून काढून स्वतंत्र फाइलींत ठेवले. ट्रॉफने यंत्राला थेट हुकूम न देता, कोणते अक्षर, कोणत्या आकाराचे, पानावर कोठे, एवढेच साध्या लिपीत लिहून ठेवावे आणि प्रत्येक यंत्रासाठी निराळ्या छोट्या आज्ञावलीने त्याचा अर्थ लावावा, अशी त्यांची योजना होती. स्टॅनफर्ड येथे डोनाल्ड नूथ यांच्या ‘टेक’ प्रणालीसाठी डेव्हिड फुक्स यांनी त्याच वर्षी याच धर्तीचा विचार मांडला, हा योगायोग लक्षणीय आहे.

या मधल्या टप्प्याचे महत्त्व इतिहासलेखनात पुरेसे ओळखले गेलेले नाही. तो मनुष्याला डोळ्यांनी वाचता येत होता. तेथवर मजकूर बरोबर असेल तर दोष पुढे, म्हणजे यंत्राच्या बाजूस आहे, असा निवाडा कागद न धुताही करता येऊ लागला.

त्याची कसोटी लगेच उन्हाळ्यात लागली. ऑटमार मर्गेंथेलर यांच्या ज्या लायनोटाइप यंत्राने १८८६ पासून वृत्तपत्रांची जुळणी पालटली, त्यांच्याच नावाच्या कंपनीचे हे २०२ यंत्र. त्यात फिल्मच्या पट्ट्या नव्हत्या. अक्षरांच्या बाह्यरेषा अंकांच्या रूपात साठविलेल्या असत आणि ती चित्रनलिकेवर उमटत. किंमत सुमारे ५०,००० डॉलर. परंतु प्रयोगशाळेत आलेले यंत्र वारंवार बंद पडे, त्यातील आज्ञावली सदोष होती, आणि अक्षरे कोणत्या संकेतात साठविली आहेत हे सांगण्यास कंपनी राजी नव्हती. तेव्हा केन टॉम्प्सन, जो कॉन्डन आणि कर्निगन यांनी ते यंत्र आतून वाचावयास घेतले. यंत्रातील छोट्या संगणकाच्या अंकरूप हुकमांचा उलगडा करणारे साधन टॉम्प्सन यांनी अवघ्या काही तासांत लिहिले. काही आठवड्यांत अक्षरांचा संकेतही उकलला. मग यंत्र चालविणारी आज्ञावली त्यांनी स्वतः लिहिली, आणि बुद्धिबळाच्या सोंगट्यांसारखी कंपनीकडे नसलेली चिन्हेही घडविली.

या हकीकतीत टॉम्प्सन यांच्या बुद्धिवैभवाचे कौतुक नेहमी होते, आणि ते योग्यच आहे. तथापि वसंतातील ते नीरस पालट आधी झाले नसते, तर उन्हाळ्यात यंत्राचे दोष आणि ट्रॉफच्या चार पट्ट्यांच्या मर्यादा एकमेकांत मिसळून गेल्या असत्या, असे मानण्यास जागा आहे.

जानेवारी १९८० मध्ये तिघांनी या अनुभवाचे टिपण तयार केले. कंपनीच्या अक्षरसंकेताचे रहस्य त्यात उघड होत असल्याने, बहुधा त्याच कारणास्तव, प्रयोगशाळेच्या चालकांनी ते बाहेर जाऊ दिले नाही. २०१३ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाचे स्टीव्ह बॅगली व डेव्हिड ब्रेल्सफर्ड यांनी कर्निगन यांच्यासह त्याची पुनर्रचना केली. ट्रॉफसाठी लिहिलेली मूळ संहिता सुरक्षित होती, कारण ती साध्या लिपीत होती. परंतु २०२ यंत्र केव्हाच नाहीसे झाले होते, आणि ते पान प्रत्यक्षात कसे दिसत होते याचा पुरावा म्हणून एका छायाप्रतीचे निकृष्ट स्कॅन तेवढे शिल्लक होते. मजकूर अक्षरशः हाती असूनही त्याचे रूप त्या अंधुक पानांशी ताडून, एकेका अक्षराच्या बाह्यरेषेपासून पुन्हा उभे करावे लागले.