बातमी आणणाऱ्याचं मन

२०२० चा उन्हाळा आठवतो ना? मोहफुलं वेचायचे दिवस होते आणि आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीची कितीतरी माणसं तेलंगणात मिरची तोडायला गेलेली. मार्चच्या शेवटी टाळेबंदी लागली, गाड्या बंद झाल्या. माणसं लेकराबाळांना घेऊन जंगलवाटेने पायी निघाली. हे आपल्याला घरबसल्या कसं कळलं? तालुक्याचा वार्ताहर मोटारसायकल काढून रस्त्यावर उभा होता म्हणून. त्याला बहुतेक वेळा पगार नसतो. थोडं मानधन मिळतं, वर जाहिरातीही त्यानेच आणायच्या. त्या रस्त्यावर जे पाहिलं ते मनात घेऊन तो घरी गेला. रात्री त्याला झोप लागली का, हे कुणी विचारलं नाही.

ही गोष्ट आजची नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. तेव्हा 'दीनबंधू' नावाचं वर्तमानपत्र नारायण मेघाजी लोखंडे चालवत होते. महात्मा फुल्यांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. गिरणीत आठवड्याची सुट्टी नव्हती, तेव्हा त्यांनी ती मागितली. २४ एप्रिल १८९० ला मुंबईत दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार बायाही बोलल्या. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. विसावा हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, हे सांगणारा हा संपादक प्लेगमध्ये मात्र स्वतः थांबला नाही. रुग्णांच्या सेवेत त्यालाच प्लेग झाला आणि ९ फेब्रुवारी १८९७ ला तो गेला. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाईही तशाच गेल्या.

त्या साथीत 'केसरी'चे टिळक पुणे सोडून गेले नाहीत. पुढे १९०३ मध्ये त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. तेव्हाही त्यांनी लिहिणं थांबवलं नाही. गावाच्या होळीत आपल्याही घरच्या गोवऱ्या जायच्याच, असं ते म्हणाल्याची आठवण सांगतात. आपण ती धैर्याची म्हणून सांगतो, आणि धैर्य ते होतंच. पण मला वाटतं, तिथूनच एक खोड लागली. बातमीदाराने रडायचं नाही, थकायचं नाही, असं सगळ्यांनीच धरून चाललं.

एप्रिल २०२० मध्ये मुंबईत आझाद मैदानावर पत्रकारांची कोरोना तपासणी झाली. १७१ जण तपासले, ५३ जणांना लागण निघाली. बऱ्याच जणांना कसलंच लक्षण नव्हतं. म्हणजे आपण घरी आजार नेला की काय, ही भीती प्रत्येकाच्या मनात बसली असणार. त्याच महिन्यात राज्यात घरोघरी वर्तमानपत्र टाकायला बंदी आली, नंतर ती काही भागांपुरती ठेवली. छपाई घटली, जाहिराती आटल्या, कितीतरी पत्रकारांच्या नोकऱ्या गेल्या. २ सप्टेंबरला पुण्यात टीव्ही नाइनचे पांडुरंग रायकर कोरोनाने गेले. वय अवघं बेचाळीस. वेळेवर कार्डिअॅक अॅम्ब्युलन्स मिळाली नाही, असं घरच्यांनी सांगितलं. आदल्या महिन्यांत खाटा आणि अॅम्ब्युलन्सच्या बातम्या देणारे त्यांचे सोबती आता त्यांचीच बातमी देत होते.

अशा वेळी मदत म्हणजे काय? स्मशानाची बातमी रोज एकाच माणसाला द्यायची नाही, पाळी लावायची. हक्काची सुट्टी द्यायची. पगार थांबवायचा नाही, कारण पोटाची काळजी मनालाच लागते. झोप उडाली, चिडचिड वाढली, तेच चित्र डोळ्यांपुढे येत राहिलं, तर बोलायला कुणीतरी हवं. सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, म्हणजे दोन्ही मोठ्या लाटा ओसरल्यावर. नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलता येतं, दिवसा-रात्री केव्हाही.

मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीची बातमी घ्यायला तालुक्याचे वार्ताहर भाऊ आले होते. त्यांना चहा दिला आणि सहज विचारलं, भाऊ, त्या दोन वर्षांत तुम्ही कसे होता? बैठकीची बातमी तशीच राहिली. दीड तास ते बोलत बसले.