बल्लारशाह हा कुठला पीर?

पुण्यात शिकत होतो तेव्हा वसतिगृहात कुणी गाव विचारलं की मी ‘बल्लारपूर’ सांगायचो. समोरच्याला काही बोध व्हायचा नाही. मग म्हणायचो, ‘अरे बल्लारशाह, रेल्वेचं जंक्शन.’ लगेच ओळख पटायची. ‘अच्छा, दिल्लीहून मद्रासला जाताना लागतं ते!’ माझं नाव ठाऊक असलेला एखादा पुढे विचारायचा, ‘हे बल्लारशाह म्हणजे तुमचे कुणी पीरबाबा का रे?’

मी हसून विषय सोडून द्यायचो. खरं सांगायचं तर मला ते थोडं आवडायचंही. परक्या शहरात आपल्या नावाचं काहीतरी देशाच्या नकाशावर आहे, असं वाटायचं.

हे सगळं गेल्या वर्षी आठवलं. शाळेतल्या मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाने स्टेशनच्या पाटीचा फोटो टाकून लिहिलं होतं, ‘गावाचं नाव बल्लारपूर असताना स्टेशनला हे मुसलमानी नाव कशाला?’ काहींनी अंगठे दाखवले. मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तेवढ्यात आमच्याच वर्गातल्या एका गोंड मित्राची एक ओळ आली, ‘आमच्या राजाचं नाव आहे ते.’ नंतर कुणी काही बोललं नाही.

माझं मात्र मन लागेना. ज्याने पाटी बदलायची म्हटलं तो आणि पुण्यात गप्प बसणारा मी, दोघांनी एकच चूक केली होती. आम्ही दोघांनी त्या राजाचं नाव परस्पर मुसलमानांच्या खात्यावर मांडलं होतं. एकाने रागाने, दुसऱ्याने कौतुकाने. म्हणून हा लेख.

चंद्रपूरपासून बल्लारपूर पंधरा-सोळा किलोमीटर. दवाखाना, कॉलेज, कोर्ट, लग्नाची खरेदी, सगळ्याला चंद्रपूर. 2011च्या जनगणनेत चंद्रपूर तीन लाखांच्या पुढे आणि आम्ही नव्वद हजारांच्या आत. बाहेरच्यांसाठी आम्ही मोठ्या शहराच्या शेपटीला लागलेलं गाव. कागद कारखाना, कोळसा खाणी, सागवानाचा डेपो आणि रेल्वे. पाळीची माणसं झोपलेली असतात म्हणून दुपारीसुद्धा वस्त्या शांत. पण वयाने बल्लारपूर चंद्रपूरच्या आधीचं आहे, हे आमच्याच पोरांना ठाऊक नसतं.

गोंड राजांची पहिली राजधानी सिरपूरला, आजच्या तेलंगणात. आख्यायिका अशी की खांडक्या बल्लाळशाह या राजाच्या अंगावर गाठी आल्या होत्या. काही केल्या बऱ्या होईनात. राणीच्या सल्ल्याने तो सिरपूर सोडून वर्धा नदीच्या उत्तर काठावर आला आणि किल्ला बांधला, तेच बल्लारपूर. पुढे शिकारीला गेला असताना झरपट नदीच्या एका डोहाचं पाणी त्याच्या अंगाला लागलं आणि गाठी गेल्या. त्या जागी अचलेश्वराचं देऊळ झालं आणि भोवती चांदा वसला. आख्यायिकेतल्या गाठी आणि डोह बाजूला ठेवा, क्रम लक्षात घ्या : आधी सिरपूर, मग बल्लारपूर, मग चांदा.

शेवटही इथलाच. 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांद्याचं राज्य घेतलं. शेवटचा राजा नीलकंठशाह याला बल्लारपूरच्याच किल्ल्यात कैदेत ठेवलं गेलं. तो तिथेच वारला. ज्या किल्ल्यातून घराण्याने चांद्याकडे पाऊल टाकलं, तोच त्याचा तुरुंग झाला. लहानपणी आम्ही त्या किल्ल्यात लपाछपी खेळायचो. हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता ‘शाह’. हा फारसी शब्द, अर्थ राजा. तो इस्लामहून शेकडो वर्षं जुना आहे. इराणचे बादशहा मुसलमान होण्याच्या कितीतरी आधी शहेनशहा म्हणवत होते. नेपाळचं राजघराणं हिंदू, तेही शाहच. गोंड राजांकडे हा किताब कसा आला याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. चांद्याकडे सांगतात की घराण्यातल्या एका वीराने दिल्लीच्या सुलतानासाठी किल्ला जिंकून दिला आणि बक्षीस म्हणून किताब मिळाला. गढा-मंडल्याच्या अमानदासाबद्दल अबुल फजलने लिहून ठेवलंय की गुजरातच्या बहादूरशाहला रायसेनच्या मोहिमेत मदत केली म्हणून तो संग्रामशाह झाला. राणी दुर्गावती याच संग्रामशाहची सून.

याच अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त चांद्याचा राजाही आहे. बाबजी नावाचा गोंड, त्याच्याकडे एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ, अशी नोंद. शेजारच्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीचाही उल्लेख आहे. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात येतं. म्हणजे आमच्या जंगलातल्या राजाची पलटण मोजून मोगलांच्या दफ्तरात लिहिली गेली होती.

गोंड राजांपैकी इस्लाम स्वीकारणाराही होता. देवगडचा बख्तबुलंदशाह औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला आणि परत येऊन त्याने नागपूर वसवलं. चांद्याच्या शाहांनी धर्म बदलला नाही. राणी हिराईने महाकालीचं देऊळ बांधलं आणि आपल्या नवऱ्याची, बीरशाहची समाधीही. ती समाधी एकदा निवांत बघा. कमानी, घुमट, भिंतींवरचं काम, कुठलीही एक खूण धरून कारागिराचा धर्म सांगता येणार नाही. चांद्याच्या परकोटाला चार मुख्य दरवाजे : जटपुरा, अचलेश्वर, बिनबा आणि पठाणपुरा. गोंड राजाच्या भिंतीत शंकराच्या नावाचं एक दार आणि पठाणांच्या नावाचं एक. शेकडो वर्षं लोक त्यांतून ये-जा करताहेत.

बल्लारपूरचा दुसरा इतिहास नदीचा आहे. आज राजुऱ्याला जाताना पूल ओलांडायला मिनिटभर लागतो. माझ्या दादीच्या लहानपणी तो परदेश होता. अलीकडे इंग्रजांचा मध्यप्रांत, पलीकडे निजामाचं हैदराबाद. राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. आमच्याकडची जुनी माणसं अजूनही पलीकडल्या भागाला ‘मोगलाई’ म्हणतात. तिकडचं नाणं वेगळं, हाली. सात हाली रुपये दिले तर इकडचे सहा कलदार मिळायचे. जकात वेगळी, तिला करोडगिरी म्हणत. सरकारी भाषा उर्दू. नदीच्या दोन्ही काठांवर तेच कुणबी, तेच गोंड, तेच तेली, तेच मुसलमान आणि सोयरिकीही आरपार. कारभार तेवढा दोन सरकारांचा.

दादीचं माहेर पलीकडलं. 1948चं ती फार बोलायची नाही. आधी रझाकारांच्या भीतीने पलीकडले हिंदू शेजारी रात्र रात्र जागे असायचे. सप्टेंबरात पोलिस कारवाई झाली आणि मग तिच्या माहेरचे जागे राहू लागले. एवढंच सांगायची आणि कामाला लागायची. पुढे राज्यं मोडली, जोडली गेली. राजुरा 1956 मध्ये नांदेड जिल्ह्यात आला, 1959 मध्ये चांद्यात. जागचं न हलता त्या तालुक्याने तीन जिल्हे बघितले.

त्याआधी रेल्वे आली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वरोऱ्याची जुनी कोळसा खाण बंद पडली आणि खाणकाम बल्लारपूरकडे सरकलं. 1929च्या सुमारास निजामाच्या रेल्वेने काझीपेठ-बल्लारशाह मार्ग पूर्ण केला आणि दिल्ली-मद्रास सरळ जोडले गेले. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस सुरुवातीला पेशावर ते मंगळूर धावायची. पठाणांच्या मुलखातून निघालेली गाडी गोंड राजाच्या नावाच्या स्टेशनवर पाणी भरून कानडी-तुळू मुलखात उतरायची. आमच्या मोहल्ल्यात तेलुगू, हिंदी, दखनी, मराठी अशी खिचडी बोलली जाते ती या रुळांमुळे. फायरमन, खलाशी, खाणकामगार जिकडून तिकडून आले आणि राहिले.

मग कारखाना. बल्लारपूर पेपर अँड स्ट्रॉबोर्ड मिल्सची नोंदणी 1945ची, पुढे तीच बल्लारपूर इंडस्ट्रीज झाली. गंमत अशी की त्याआधी 1938 मध्ये निजामाच्या राज्यात सिरपूर पेपर मिल्स निघाली होती आणि तिच्या वसाहतीचं नाव पडलं कागजनगर. गोंडांच्या पहिल्या दोन्ही राजधान्यांच्या आसऱ्याने कागदाचे कारखाने आले. कारण एकच, बांबूचं जंगल आणि नदीचं पाणी.

अब्बा त्या कारखान्यात होते. पाळी संपवून आले की शर्टाला लगद्याचा वास यायचा. पाहुणे नाक मुरडायचे, आम्हाला तो घराचा वास वाटायचा. वही आमच्या गावच्या कागदाची आहे का, हे आम्ही पोरं उजेडात धरून ओळखल्याचा आव आणायचो. तो बांबू कुणाच्या जंगलातून येतो आणि तोडणाऱ्याला काय मिळतं, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाच्या गोंडांनी तोच प्रश्न लावून धरला. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 मध्ये आपल्या बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. इकडे 2020 मध्ये आमच्या कारखान्याची मालक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. आमचं सागवान मात्र दिल्लीच्या नव्या संसदेत पोचलं आणि 2023 मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही वाजतगाजत निघालं. जंगल गोंडांचं, लाकूड सगळ्यांचं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. राजुऱ्याकडचा एक शेतकरी घरी आला, अब्बांच्या ओळखीचा. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने पिवळा पडलेला कागद काढला. आजोबाच्या जमिनीचा, निजामाच्या काळातला. भावकीत वाद चालू होता.

‘भाऊ, तुमची भाषा हाय, एवढं वाचून द्या.’

मला घाम फुटला. मी पहिलीपासून मराठी शाळेचा. मदरशात कुराण वाचायला शिकलो त्यामुळे अक्षरं ओळखीची, पण ते घसटं सरकारी उर्दू माझ्या आवाक्याबाहेर. ‘काका, मला नाही येत,’ म्हटलं तर त्यांना खरं वाटेना. शेवटी त्यांना घेऊन मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. त्यांचं लहानपण मोगलाईतलं, पहिले काही इयत्ते उर्दूत झालेले.

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्याला भिडवला आणि मोठ्याने वाचायला लागले. मौजे अमुक, तालुका राजुरा, जिल्हा आदिलाबाद. जमीन. रकबा. वारस. महसूल. नक्कल. काका मध्येच म्हणाले, ‘हे तं मलेबी समजते जी! यात उर्दू काय हाय?’

चाचा हसले. पुढे चतुःसीमा आल्या : मशरिक, मगरिब, शुमाल, जुनूब. इथे काका अडले. मगरिब मला माहीत होतं, सूर्य बुडाल्यावरची नमाज. म्हटलं, मगरिब म्हणजे पश्चिम. चाचा म्हणाले, मशरिक म्हणजे जिकडून दिवस निघतो. मग काकांनी जमिनीवर बोटाने शेत काढलं, नाला कुठे, बांध कुठे, कुणाचं रान लागून, आणि उरलेल्या दोन दिशा स्वतःच बसवल्या. अक्षरं चाचांची, महसुलाचे शब्द काकांचे, एक दिशा माझी. तासाभरात कागद वाचून झाला.

जाताना काका म्हणाले, ‘तुमाले तुमचीच भाषा येत नाई, असं कसं?’ मी म्हटलं, ‘काका, माझी भाषा मराठी आहे.’ त्यांनी मान हलवली, पण पटलं की नाही कळलं नाही. तुकडा कुणाच्या वाट्याला गेला, तेही नंतर कळलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो फोटो बघताना मला हेच काका आठवले. त्यांच्या मनात माझ्याबद्दल वाईट काही नव्हतं. उर्दू म्हणजे मुसलमान, शाह म्हणजे मुसलमान, एवढं साधं गणित होतं. माझंही पुण्यात तेच होतं. या हिशेबात गोंड राजाला जागाच उरत नाही. ज्याचं गाव, ज्याचा किल्ला, ज्याचं जंगल, त्याचंच नाव दोन बाजू आपापसात वाटून घेतात.

आता मुलगी पुण्यात शिकते. परवा फोनवर म्हणाली, ‘अब्बू, इथं सगळे विचारतात, बल्लारशाह कोण होते?’

मी तिला सांगितलं, ‘राजा होता. गोंड होता. आपण त्याच्या गावात राहतो.’