मीरा-भाईंदर
महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील शहर व महानगरपालिका. लोकसंख्या ८,०९,३७८ (२०११). ते मुंबईच्या उत्तरेस, साष्टी बेटाच्या उत्तर भागात वसले आहे. सह्याद्रीत उगम पावणारी उल्हास नदी वसईच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. या मुखाच्या उत्तरेस वसई, तर दक्षिणेस उत्तन, चौक, डोंगरी ही शहराच्या हद्दीतील कोळ्यांची व शेतकऱ्यांची जुनी गावे आहेत. खाडीमुखावरील स्थान हेच येथील इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

गुजरातच्या बहादुरशाहाशी झालेल्या तहान्वये १५३४ मध्ये वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे आली. त्यांच्या अमदानीत किनाऱ्यावरील अनेक कोळी कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र व्यवसाय व मराठी बोली त्यांनी सोडली नाही. वसईकडे जाणाऱ्या गलबतांवर चौकजवळच्या टेकडीवरून नजर ठेवता येई. त्यामुळे वसईच्या मोहिमेत या टेकडीवरील धारावी किल्ल्यासाठी मराठे व पोर्तुगीज यांच्यात झुंज झाली. १७३९ च्या प्रारंभी तो मराठ्यांनी जिंकला आणि त्याच वर्षी मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. खाडीच्या आतील बाजूस असलेला घोडबंदरचा किल्लाही याच जलमार्गाचा पहारेकरी होता. इंग्रजांनी १७७४ च्या अखेरीस साष्टी घेतली व सालबाईच्या तहाने (१७८२) तिच्यावरील त्यांचा ताबा कायम झाला.

मासे व मीठ ही या भागाची परंपरागत उत्पन्नाची साधने. भरती-ओहोटीच्या प्रवाहात पिशवीच्या आकाराचे डोल जाळे लावून बोंबील, कोळंबी इ. पकडतात. बोंबील बांबूंवर टांगून उन्हात वाळवितात. ताज्या मासळीबरोबरच या सुकटीवर घरे चालतात आणि तिची वाळवण, निवड व विक्री मुख्यत्वे स्त्रियांकडे असते. खाडीकाठच्या सखल जमिनीत बांध घालून, भरतीचे पाणी कोंडून मीठ पिकविले जाई.

मुंबई-बडोदा व मध्य भारत रेल्वेचा मार्ग १८६४ मध्ये खाडी ओलांडून मुंबईस पोहोचला आणि वस्तीचा ओढा किनाऱ्याकडून लोहमार्गाकडे वळला. मुंबईतील वाढत्या घरभाड्यांमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मीरा रोड व भाईंदर स्थानकांभोवती दाट वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये काही ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका स्थापन झाली. उत्तन, डोंगरी इ. किनारी गावे तीत नंतर समाविष्ट झाली. २००२ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले.

शहराला नाव मिळाले ते आतील गावांचे. किनाऱ्याच्या वाट्याला मात्र वाढीचा भार अधिक आला. शहराचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावर नेण्यात येऊ लागला, त्यास गावकऱ्यांनी विरोध केला. मिठागरे व तिवरांची वने यांवर बांधकामाचा ताण पडला. खाडीत मिसळणारे सांडपाणी मासळीस घातक ठरते आणि भरतीचे पाणी सामावून घेणारी जमीन घटल्यास सखल भागांतील पुराचा धोका वाढतो. त्यामुळे खाडीमुखाचे रक्षण हा केवळ कोळीवाड्यांच्या उपजीविकेचा प्रश्न नसून संपूर्ण शहराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.