शंभरपैकी पन्नास

विद्यापीठाच्या परीक्षा विभागात मी तेहेतीस वर्षे नोकरी केली. दुसऱ्यांच्या गुणपत्रिका तपासण्यातच माझे आयुष्य गेले, असे म्हटले तरी चालेल. निवृत्तीच्या आधीची दोन वर्षे, म्हणजे २०१३ पासून, आमच्या खिडकीवर एक मागणी फार वाढली. पंचविशी-तिशीतली मुले-मुली येत, जुन्या गुणपत्रिकांचा उतारा, म्हणजे ट्रान्स्क्रिप्ट, मागत आणि बजावून सांगत, "काका, पाकीट बंद करा आणि चिकटवल्या जागेवर शिक्का मारा. नाहीतर कॅनडावाले घेत नाहीत."

एकदा एका मुलाने मोबाइलवर एक तक्ता दाखवला. शिक्षणाला इतके गुण, वयाला इतके, इंग्रजीला इतके, अनुभवाला इतके. मी हसलो. म्हटले, "अरे, हे तर आमचेच काम! आम्ही पेपरला गुण देतो, हे माणसाला देतात." तो मात्र हसला नाही. त्याला दोन गुण कमी पडत होते.

तेव्हापासून हा तक्ता आला कुठून याचे मला कुतूहल लागले. वाचत गेलो तसे लक्षात आले की, आज कोरडी वाटणारी ही आकडेमोड एका मोठ्या अन्यायावरचा उतारा म्हणून जन्माला आली होती.

कॅनडात प्रवेश देताना पूर्वी गुण मोजत नसत, माणसाचा देश आणि वर्ण पाहत. चिनी माणसावर १८८५ साली ५० डॉलरचा डोईपट्टी कर बसवला. तो १९०३ पर्यंत ५०० डॉलरवर गेला आणि १९२३ मध्ये चिन्यांना दार जवळजवळ बंदच झाले. हिंदुस्थानातले लोक ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन, त्यांना उघडपणे 'येऊ नका' म्हणणे अडचणीचे. म्हणून १९०८ साली एक चतुर नियम निघाला. येणाऱ्याने आपल्या मायदेशातून, मध्ये कुठेही न थांबता, एका सलग तिकिटावर आले पाहिजे. हिंदुस्थानातून तशी थेट जहाज वाहतूकच उरली नव्हती! नियमात 'हिंदी' हा शब्द कुठेही नाही, पण अडला तो हिंदी माणूसच.

या नियमाला आव्हान द्यायला गुरदित सिंग यांनी 'कोमागाटा मारू' हे जपानी जहाज भाड्याने घेतले. २३ मे १९१४ रोजी ते ३७६ प्रवाशांसह व्हँकुव्हर बंदरात पोचले. दोन महिने ते पाण्यातच उभे होते. मूठभर प्रवासी सोडले तर कोणालाही उतरू दिले नाही आणि २३ जुलैला जहाज परत फिरवले. कोलकात्याजवळ बजबज येथे ते परत आले तेव्हा गोळीबार झाला, माणसे मेली. या प्रकरणाबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती मे २०१६ मध्ये, म्हणजे एकशे दोन वर्षांनी.

आपण स्वतंत्र झाल्यावरही दार फारसे उघडले नाही. १९५१ च्या कराराने भारतातून वर्षाला फक्त १५० माणसे घेण्याचे ठरले. पाकिस्तानातून १०० आणि तेव्हाच्या सिलोनमधून ५०. एवढ्या मोठ्या देशाला दीडशे जागा! आपल्याकडे एका शाळेच्या दोन-तीन तुकड्यांत याहून जास्त मुले बसतात.

मग बदल कशाने झाला? एक कारण पोटाचे होते. कारखाने वाढत होते, शाळा आणि इस्पितळे उभी राहत होती आणि शिकलेली, कसबी माणसे पुरेशी मिळत नव्हती. त्यातच त्यांची स्वतःची हुशार मुले शेजारच्या अमेरिकेत जात होती. दुसरे कारण लाजेचे होते. भारत आणि आफ्रिका-कॅरिबियनमधले देश स्वतंत्र होऊन राष्ट्रकुलात बरोबरीने बसू लागले होते. परिषदेत त्यांच्याशी हस्तांदोलन करायचे आणि बंदरावर त्यांच्या नागरिकांना अडवायचे, हे फार दिवस चालणारे नव्हते.

१९६२ साली एलन फेअरक्लॉ या मंत्रीबाईंनी नवे नियम आणले आणि वर्णभेद बहुतांशी काढून टाकला. पण एक नवी अडचण उभी राहिली. देश पाहायचा नाही, तर मग पाहायचे काय? 'लायक उमेदवार' म्हणजे नेमका कोण, हे खुर्चीतल्या अधिकाऱ्याने ठरवायचे. एकाला जो लायक वाटे तो दुसऱ्याला वाटत नसे.

यावर खात्याचे सचिव टॉम केंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो उपाय काढला, तो म्हणजे गुणांचा तक्ता. १ ऑक्टोबर १९६७ पासून तो लागू झाला. त्याच वर्षी कॅनडा आपली शताब्दी साजरी करीत होता. तक्ता एकूण १०० गुणांचा. शिक्षण व प्रशिक्षण यांना २०, साधारण दरवर्षाला एक गुण याप्रमाणे. व्यवसायाला तिथे मागणी किती, याला १५. अंगच्या कसबाला १०. वयाला १०. पस्तिशीपर्यंत पूर्ण, मग दरवर्षी एक कमी. नोकरी आधीच ठरली असेल तर १०. इंग्रजी आणि फ्रेंच मिळून १०. तिथे नातेवाईक असेल तर ५ पर्यंत. ज्या भागात जायचे तिथे कामाच्या संधी असतील तर ५. उरलेले १५ गुण मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात: माणूस जुळवून घेईल का, धडपड्या आहे का, याचा अंदाज. पन्नास मिळाले की साधारणपणे पास.

परीक्षा विभागातला माणूस म्हणून मला या तक्त्याचे खरे कौतुक वाटते. आमच्याकडे नियम असा की, उत्तरपत्रिकेवर नाव लिहायचे नाही, फक्त आसनक्रमांक. तपासणाऱ्याला मुलगा कोणाचा, कोणत्या गावचा, हे कळता कामा नये. १९६७ च्या तक्त्याने नेमके हेच केले. जन्म कुठला, कातडीचा रंग कोणता, धर्म कोणता, याला रकानाच ठेवला नाही. आणि ज्या गोष्टीला रकाना नाही, तिच्यावरून निदान कागदावर तरी कोणाला नापास करता येत नाही.

अर्थात कागद आणि व्यवहार यांत अंतर होते. अधिकाऱ्याचे ते १५ गुण होतेच. शिवाय कॅनडाच्या स्थलांतर कचेऱ्या युरोपात भरपूर आणि आशिया-आफ्रिकेत मोजक्याच होत्या. प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी, पण परीक्षा केंद्र कोणाच्या गल्लीत तर कोणाला हजार मैलांवर. तरीही परिणाम झाला. पूर्वी येणाऱ्यांत युरोपीय लोकांचे प्राबल्य असे. सत्तरच्या दशकाअखेर आशियातून येणारे पुढे गेले. २०२१ च्या जनगणनेत कॅनडातल्या २३ टक्के लोकांचा परदेशातून स्थलांतरित होऊन आल्याचा इतिहास नोंदला गेला. २०१६ ते २०२१ या काळात आलेल्यांत सर्वांत मोठा वाटा, १८.६ टक्के, भारतात जन्मलेल्यांचा होता. ज्या देशाला दीडशे जागा होत्या, त्याची ही सत्तर वर्षांनंतरची गोष्ट.

या तक्त्याचा आपल्या माणसांशी एक जुना संबंध आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये युगांडात इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितले. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या तिथे कारकुनी, शिक्षकी, शिवणकाम करणारी गोव्याची कुटुंबेही होती. कॅनडाने कंपालाला अधिकारी पाठवले. तक्ता बरोबर होता, पण माणसे घर-दार गमावून बसलेली. तेव्हा गुणांचा काटेकोरपणा थोडा सैल करण्यात आला आणि हजारो लोक विशेष विमानांनी माँट्रियलला उतरले. टोरोंटोच्या आसपासच्या आजच्या गोवेकर वस्तीत आफ्रिकेमार्गे आलेली अशी बरीच घरे आहेत. गुणपद्धती माणसाने केलेली आहे आणि वेळ आली तर माणूस ती बाजूला सारू शकतो, हे या प्रसंगातून दिसते.

पुढे ऑस्ट्रेलियाने १९७९ मध्ये आणि न्यूझीलंडने १९९१ मध्ये गुणपद्धती स्वीकारली. कॅनडात तक्ता तोच राहिला नाही. १९८२ च्या मंदीत, हातात नोकरी नसलेल्यांना दार जवळपास बंद झाले. २००२ च्या नव्या कायद्याने अधिकाऱ्याच्या मर्जीचे गुण गेले आणि शिक्षण व भाषा यांचे वजन वाढले. पास होण्याची रेषा आधी ७५ ठेवली, पुढच्याच वर्षी ६७ वर आणली. पण पास होणारे इतके झाले की अर्जांचे ढीग साठले. शेवटी २०१२ साली कायदा करून फेब्रुवारी २००८ पूर्वीचे, निर्णय न झालेले अर्ज रद्द करण्यात आले आणि शुल्क परत दिले गेले. अर्जदार आणि त्यांची कुटुंबे धरून सुमारे २,८०,००० माणसे त्यांत होती. वर्षानुवर्षे वाट पाहून त्यांना उत्तर मिळाले ते पास किंवा नापास असे नव्हते, तर 'पेपर तपासणार नाही' असे होते.

म्हणून जानेवारी २०१५ पासून पद्धतच बदलली. आपल्या पालकांना हा फरक चटकन कळेल. दहावीला ३५ टक्के मिळाले की मुलगा पास. पण अकरावीला चांगल्या महाविद्यालयात जायचे तर पास होऊन भागत नाही, यादीत वर यावे लागते. कॅनडाने पास-नापास सोडून मेरिट लिस्ट धरली. आता गुण १२०० पैकी. सर्व उमेदवारांची एक यादी, ठरावीक दिवसांनी वरच्या काही जणांना बोलावणे. शेवटच्या माणसाचे जेवढे गुण, तेवढी त्या दिवसाची रेषा. तिथे बरोबरी झाली तर ज्याने माहिती आधी भरली तो पुढे. ३१ जानेवारी २०१५ च्या पहिल्या फेरीत रेषा ८८६ होती. १३ फेब्रुवारी २०२१ ला, करोनाकाळात, आधीच कॅनडात काम केलेल्यांसाठी निघालेल्या फेरीत ती चक्क ७५ वर आली आणि २७,३३२ जणांना बोलावणे गेले. गुण तेच, माणूस तोच. फक्त दिवस वेगळा.

आता घरची गोष्ट सांगतो. माझा भाचा संगणक क्षेत्रात, त्याची बायको परिचारिका. २०२२ साली दोघांनी अर्ज करायचे ठरवले आणि तपासायला कागद माझ्याकडे आणले. घरात सगळ्यांनी गृहीत धरले होते की, मुख्य अर्जदार तो आणि ती त्याच्या मागे. मी सवयीप्रमाणे दोन्ही बाजूंनी बेरीज केली. तो पस्तिशीचा, जोडप्याच्या तक्त्यात वयाचे ७०. ती तिशीची, ९५. इंग्रजीच्या परीक्षेतही तीच पुढे. मी सांगितले, "अर्ज सूनबाईंच्या नावाने करा." क्षणभर कोणी बोलले नाही. मग माझी बहीणच म्हणाली, "बरोबर आहे. रात्रपाळ्या तिनेच केल्यात."

पुढच्या वर्षी सूनबाईंच्या वाढदिवसाला केक कापताना भाचा म्हणाला, "अभिनंदन, पाच गुण गेले!" त्या तक्त्यात तिशीपासून चाळिशीपर्यंत दर वाढदिवसाला पाच गुण वजा होतात, नंतर दहा आणि पंचेचाळिसाव्याला शून्य. सर्वसाधारण यादीची रेषा तेव्हा ५०० च्या आसपास होती आणि ती गाठणे तिला शक्य नव्हते. पण २०२३ मध्ये कॅनडाने आरोग्य, बांधकाम, फ्रेंच भाषा अशा गटांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या. आरोग्याच्या फेरीत वर्षअखेरीस तिला बोलावणे आले.

तिथे गेल्यावर आणखी एक गोष्ट समजली. गुण देणारे सरकार वेगळे आणि कामाचा परवाना देणारी मंडळे वेगळी. जी पदवी दाखवून तिने प्रवेश मिळवला, ती पदवी परिचारिका म्हणून उभे राहायला एकटी पुरेशी नव्हती. वर्षभर तिने वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम केले आणि रात्री नोंदणीच्या परीक्षेचा अभ्यास केला. आता ती नोंदणीकृत परिचारिका आहे. हा तिढा जुना आहे आणि हळूहळू सुटतोही आहे. ऑन्टारियोतील अभियंत्यांच्या नियामक संस्थेने २०२३ मध्ये 'कॅनडातलाच अनुभव हवा' ही अट काढून टाकली. तक्त्यातले रकानेही बदलत असतात. मार्च २०२५ मध्ये हाती असलेल्या नोकरीचे जादा गुण बंद झाले, कारण नोकरीची पत्रे विकत मिळू लागली होती.

मी गुणांच्या विरोधात नाही. कोमागाटा मारूवरच्या माणसांना कोणी शिक्षण विचारले नाही, कसब विचारले नाही. विचारले असते तर त्यांतले कितीतरी जण पास झाले असते. तक्ता नसेल तर चेहरा पाहिला जातो, हे मी विसरत नाही.

परवा बहिणीकडे साताऱ्याला गेलो होतो. भाच्याच्या खोलीत ते जुने कागद अजून आहेत, माझ्या अक्षरातल्या बेरजा आहेत. बहीण म्हणाली, "दादा, ह्यात सगळ्याचे गुण आहेत का रे?" मी पुन्हा एकदा तक्ता वाचला. तिकडे सख्खा भाऊ किंवा बहीण राहत असेल तर १५ गुण आहेत. इकडे आई एकटी राहत असेल तर त्याला रकाना नाही. तिला मी एवढेच सांगितले, "बहुतेक सगळ्याचे आहेत." मग आम्ही चहा घेतला आणि रात्री साडेआठची वाट पाहत बसलो. त्या वेळी तिकडे सकाळ होते आणि फोन येतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)