एकोणीस नंबरचा संच : जुन्या हॅम रेडिओंची दुरुस्ती आणि त्यातला इतिहास

टेबलावर ही जी काळपट हिरवी पेटी ठेवली आहे, तिच्याकडे आल्यापासून सगळ्यांचं लक्ष आहे हे मी बघतोय. तेव्हा सुरुवात तिच्यापासूनच करू. हिचं नाव ‘वायरलेस सेट नंबर १९’. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या फौजांच्या रणगाड्यांत हा संच बसवलेला असे. दर्शनी पत्र्यावर इंग्रजीखाली रशियन अक्षरं आहेत, पुढच्या रांगेतल्यांना दिसत असतील. असे संच कॅनडात मोठ्या संख्येने बनले आणि त्यातले काही सोव्हिएत रशियाला युद्धमदत म्हणून जायचे. म्हणून दोन लिप्या. हा मात्र रशियाला गेला नाही. मला तो सातारा जिल्ह्यातल्या एका घरात मिळाला. ती हकीकत पुढे सांगतो, कारण तिच्यात माझी एक चूक आहे आणि आजचं व्याख्यान खरं तर त्या चुकीबद्दलच आहे.

आधी संचाविषयी थोडं. ट्रान्सीव्हर म्हणजे संदेश पाठवणारा आणि घेणारा एकाच पेटीत, असं आपण म्हणतो. पण एका डब्यात दोन यंत्रं कोंबली की ट्रान्सीव्हर होत नाही. दोघांनी आतले भाग वाटून घ्यायला हवेत. या संचात ते केलेलं आहे. ऐकण्यासाठी आत जो कंपनजनक असतो, त्याचीच कंपनं ४६५ किलोहर्ट्झच्या दुसऱ्या कंपनात मिसळून पाठवण्याची लहर तयार होते. म्हणजे ज्या जागी तुम्ही ऐकताय, बरोबर त्याच जागी बोलणार. रणगाड्यांची अख्खी तुकडी एका लहरीवर आणायची तर हे फार सोयीचं. शिवाय दोन लहरी आधीच ठरवून ठेवायच्या आणि चालत्या रणगाड्यात, अंधारात, डायल एका झटक्यात एकीवरून दुसरीवर न्यायची, अशीही सोय आहे. हॅम ट्रान्सीव्हरचा इतिहास सांगणारे बहुधा १९५७ सालच्या कॉलिन्स केडब्ल्यूएम-१ या अमेरिकी संचापासून सुरुवात करतात. तो संच उत्तम होता, वाद नाही. पण मला विचाराल तर मूळ कल्पना रणगाड्यातून उतरून दिवाणखान्यात आली.

ती दिवाणखान्यात आली कशी? युद्ध संपलं आणि लष्करी सामान विक्रीला निघालं. आपल्याकडे तेव्हा हौशी रेडिओवाल्याला नवा संच विकत घेणं जवळपास अशक्य होतं. १९३३च्या बिनतारी संदेश कायद्याने परवान्याशिवाय यंत्र जवळ बाळगणं हाच गुन्हा. परवाना मिळाला तरी परदेशी संचाला आयातीची बंधनं, जकात आणि परकीय चलनाचा प्रश्न. उरले दोन मार्ग : भंगारातून आणा, नाहीतर स्वतः बनवा. प्रत्यक्षात दोन्ही एकदमच चालायचं. १९४८ साली महूच्या सिग्नल्सच्या शाळेत हौशी रेडिओवाल्यांचा देशपातळीवरचा क्लब सुरू झाला. आपल्याला महू बाबासाहेबांमुळे माहीत आहे, पण बिनतारीवाल्यांसाठीही ते महत्त्वाचं गाव. फौजेतले सिग्नलमन आणि बाहेरचे हौशी लोक एकमेकांना ओळखायचे, त्यामुळे लष्करी संचाची माहिती घरापर्यंत पोचायची.

एकोणीस नंबरचा संच घरी आणला की पहिली अडचण विजेची. तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि त्यातल्या पाठवणाऱ्या व्हॉल्व्हला सुमारे ५०० व्होल्ट लागतात. त्यासाठी सोबत डायनामोटर असतो. एका बाजूने मोटर, दुसऱ्या बाजूने जनित्र. तो सुरू झाला की शेजाऱ्यांना कळतं! मग बहुतेकांनी तो काढून टाकला आणि घरच्या २३० व्होल्टवर चालणारा पुरवठा स्वतः बनवला. संचात जवळच्या जवळ बोलण्यासाठी एक छोटा ‘बी’ संच असे, त्याचा घरी उपयोग नाही, तोही पुष्कळांनी काढला आणि त्या जागेत दुसरं काहीतरी बसवलं. मोर्सची किल्ली बदलली, माईक बदलला. मालकागणिक संच वेगळा होत गेला.

इथे जरा मागे जातो, १९४२मध्ये. १९३९ला युद्ध सुरू झालं तेव्हा सरकारने हौशी परवाने थांबवले, संच ताब्यात घेतले. तरी सुटे भाग आणि ते जोडता येणारे हात शिल्लक होतेच. ‘छोडो भारत’च्या काळात मुंबईत २७ ऑगस्ट १९४२ला काँग्रेस रेडिओ बोलू लागला. उषा मेहतांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. प्रक्षेपक उभा करण्याचं तांत्रिक काम मात्र नरिमन प्रिंटर या हॅमशी जोडलेलं आहे. केंद्राची जागा सतत बदलत होती. १२ नोव्हेंबरला छापा पडला आणि यंत्र पुराव्यात जमा झालं. त्यांची लहर होती ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला याने भागा, उत्तर येतं साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. आपला आजचा ४० मीटरचा हॅम पट्टा ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ. म्हणजे ते हॅमच्याच गल्लीतून बोलत होते. हे सांगतोय ते अभिमानासाठी नाही. आपल्या देशातल्या या सगळ्यात गाजलेल्या प्रक्षेपकाला कारखान्यातून आलेलं असं ‘मूळ रूप’ नव्हतंच, ते जोडूनच झालं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

आता दुरुस्ती. कुणी तुम्हाला आजोबांचा व्हॉल्व्हचा संच दिला तर पहिला नियम : प्लग लावू नका. ‘चालतो का बघू’ या तीन शब्दांनी जितके ट्रान्सफॉर्मर जळले तितके विजा पडूनही जळले नसतील. कारण सांगतो. त्या काळचे कंडेन्सर मेण लावलेल्या कागदाचे. पन्नाससाठ वर्षांत कागद ओल धरतो आणि कंडेन्सर गळू लागतो. म्हणजे जी वीज त्याने अडवायची तीच तो थोडीथोडी सोडतो. असा एक कंडेन्सर आधीच्या व्हॉल्व्हच्या ॲनोडपासून पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत असतो. तो गळला की ग्रिडवर नको तो धन दाब येतो, व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढतो, आणि पाच मिनिटांत जळका वास. बारा आण्यांच्या भागापायी न मिळणारा ट्रान्सफॉर्मर जातो. म्हणून तो एक कंडेन्सर डोळे मिटून बदलायचा.

इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरची गोष्ट वेगळी. त्यात ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा अतिशय पातळ थर असतो. संच वर्षानुवर्षं बंद राहिला की तो थर झिजतो. एकदम पूर्ण दाब दिला तर कंडेन्सर तापतो, कधी फुटतोसुद्धा. डिमरस्टॅटने दाब हळूहळू, काही तासांत वाढवत नेला तर थर पुन्हा धरतो, निदान कधीकधी. डिमरस्टॅट नसेल तर आपल्या इलेक्ट्रिशियन मंडळींचा सिरीज बोर्ड : संचाच्या अलीकडे एक पिवळा बल्ब. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि संच वाचतो. एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच पाहिजे, आणि तोच आता दुकानात मिळेनासा झालाय. मी साठ आणि शंभर वॅटचे अर्धा डझन घेऊन ठेवले आहेत.

युद्धकाळातल्या संचांत रबराच्या वायरी असतात. रबर सुकून बिस्किटासारखं झालेलं असतं, वायर वाकवली की खाली चुरा. हात घालायच्या आधी एकदा सगळं बघून, कुठली वायर कुठे जाते ते कागदावर काढून घ्यायचं. आणि कंडेन्सर रिकामे केल्याशिवाय बोट घालायचं नाही. ५०० व्होल्ट दुसरी संधी देतीलच असं नाही. जुने लोक एक हात खिशात ठेवून काम करायचे, तेही याचसाठी. विजेला एका हातातून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाता येऊ नये म्हणून.

तर हा संच. १९९४ साली फौजेतल्या एका निवृत्त सिग्नलमनच्या घरून तो माझ्याकडे आला. ते वारले होते. मुलगा म्हणाला, तुम्हाला यातलं कळतं, तुम्ही न्या. संचाबरोबर एक डबा होता, डालड्याचा. डबा कापून, पत्रा सरळ करून त्याची चॅसी केलेली. वर ५यू४ रेक्टिफायर, हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, आणि फिल्टरसाठी चक्क ट्यूबलाइटचा चोक. आतून पेन्सिलने मराठीत व्होल्टेज लिहिलेलं. मी तेव्हा परदेशी मासिकं वाचून तयार झालेला दुरुस्तीवाला. माझ्या डोक्यात एकच : संच ‘ओरिजिनल’ करायचा. पुण्याच्या जुन्या बाजारात चार-पाच रविवार घालवून डायनामोटर मिळवला. तपकीर गल्लीतून रेझिस्टर आणले. सहा महिन्यांनी संच कारखान्यातून निघाला तसा दिसू लागला. डालड्याचा डबा मी सोडवला, व्हॉल्व्ह काढून घेतला, उरलेलं तांबं आणि लोखंड भंगारवाल्याला दिलं.

पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा संच बघायला आला. खूष झाला, रंगावरून हात फिरवला. मग म्हणाला, “काका, अण्णांचा चोकाचा डबा कुठे आहे?” मी काय ते सांगितलं. तो चिडला नाही. त्याने फक्त एवढंच सांगितलं की तो ट्रान्सफॉर्मर गुंडाळताना तो आठ वर्षांचा होता. वडील तार फिरवायचे आणि हा पाटीवर रेघा मारत वेढे मोजायचा. दोनदा मोजणी चुकली, दोन्ही वेळा सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून.

ही झाली माझी चूक. त्यात फक्त भावनेचा प्रश्न असता तर मी ती इथे सांगितली नसती. इतिहास म्हणूनही ती चूक होती. रणगाड्यातला एकोणीस नंबरचा संच कसा होता हे जगातल्या अनेक संग्रहालयांत बघायला मिळतं, त्याची पुस्तिका मिळते, नकाशा मिळतो. पण परकीय चलन नसलेल्या देशात, सातारा जिल्ह्यातल्या गावात, पेन्शनवर जगणाऱ्या माणसाने तो हवेत कसा आणला, याचा एकुलता एक पुरावा तो डबा होता. त्याबद्दल कुठल्याही पुस्तिकेत लिहिलेलं नाही. मी कारखान्याचा इतिहास परत आणला आणि माणसाचा भंगारात दिला. गडाच्या तटाला कुणी सिमेंट फासलं की आपण लगेच चिडतो. मी केलं ते त्याच्या उलट दिसतं, पण जात एकच.

म्हणजे मग गळके कंडेन्सर तसेच ठेवायचे का? नाही. संच चालला पाहिजे, बंद संच मला अर्धाच वाटतो. पण आता मी काढलेला प्रत्येक भाग पाकिटात घालतो, त्यावर तारीख आणि जागा लिहितो, आणि पाकीट संचातच ठेवतो. मेणाच्या कंडेन्सरचं नळकांडं पोकळ करून आत नवा कंडेन्सर बसवता येतो. बाहेरून जुना, आतून नवा. आधीच्या मालकाने केलेला बदल धोकादायक असेल तर सोडवतो, नुसता ओबडधोबड असेल तर हात लावत नाही. वाईट सोल्डरिंगसुद्धा कुणाचं तरी असतं.

नंतरच्या संचांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांची दुखणी वेगळी. १९७०च्या दशकातला याएसूचा एफटी-१०१ घ्या. बाकी बहुतेक ट्रान्झिस्टरचा, पण शेवटी दोन व्हॉल्व्ह, ६जेएस६सी. हे मुळात टीव्हीसाठी बनवलेले. टीव्हीतून व्हॉल्व्ह गेले तसे तेही बाजारातून गेले. म्हणून जगभर लोकांनी त्यात ६१४६ बसवले. तिथेही ‘मूळ’चा आग्रह धरला तर संच मुका राहील. ऐंशीच्या दशकातल्या काही संचांत तर चालण्याचा प्रोग्रॅमच बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत असे. बॅटरी गेली की आतलं सगळं धडधाकट असूनही संच गप्प. व्हॉल्व्हचा संच निदान कुठे दुखतंय ते दाखवतो, तापतो, गुणगुणतो, वास येतो.

आणि स्वतः बनवण्याची ती जुनी सवय संपली असं समजू नका. हैदराबादच्या अशर फरहान यांनी बिटएक्स नावाचा स्वस्त ट्रान्सीव्हर आखला, कुणालाही बनवता यावा असा. त्यात एक कॉइल नळाच्या वॉशरवर गुंडाळायची होती. तो जगभर बनवला गेला. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला डालड्याचा डबा आठवला, आणि पुन्हा वाईट वाटलं.

बरं, आता प्रात्यक्षिक. टेबलाखाली बॅटरी आहे. डायनामोटर सुरू करतोय, आवाज होईल, मागच्यांनी घाबरू नये. इथून बोलण्याची परवानगी नाही, म्हणून फक्त ऐकणारा भाग चालू आहे. संध्याकाळ झाली आहे, ४० मीटरवर गर्दी असेल. आजकालचे लोक सिंगल साइडबँडवर बोलतात, ते या संचात बदकासारखे ऐकू येतात, मग हे दुसरं बटण हळूहळू फिरवलं की त्यातून माणसं उमटतात. मी सात मेगाहर्ट्झच्या जरा वर लावतो, ७.०८च्या आसपास. थांबा... हं. दिल्लीकडचे कुणीतरी दिसताहेत. ऐका.