दोन कादंबऱ्या, एक ‘सिंहासन’

जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) एका कादंबरीतून जन्मलेला नाही. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत गुंफल्या. नाव मात्र दुसरीचेच उरले, आणि फरक केवळ नावापुरता नाही.

‘मुंबई दिनांक’मध्ये राजकारण हा महानगराच्या कोलाहलाचा एक भाग आहे. पटकथेत हे प्रमाण उलटले. शहर मागे सरले. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक) आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) यांचा डाव केंद्रस्थानी आला.

याला मूळ कृतीशी प्रतारणा म्हणणे उथळपणाचे ठरेल. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरून त्याची घालमेल सांगू शकतो. कॅमेऱ्याला चेहरा लागतो. तो चेहरा पत्रकार दिगू टिपणीसचा. एरवी खलनायक म्हणून गाजलेले निळू फुले येथे बहुतांशी केवळ पाहतात, ऐकतात आणि अखेरीस भ्रमिष्टासारखे हसतात. लेखकाला निवेदनातून जे सांगता येते, ते त्या हसण्यातून पोचते.

काळानेही हात दिला. जुलै १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार कोसळून शरद पवार मुख्यमंत्री झाले होते. कादंबऱ्या त्याआधीच्या, तरी प्रेक्षकाला पडद्यावर कालपरवाचे राजकारण दिसले.

आज दिगू म्हटले की निळूभाऊच आठवतात. ‘मुंबई दिनांक’मधली मुंबई मात्र अजूनही पुस्तकातच भेटते.