आबांची पेट्रोलची वही

आमच्या घरात दोन वह्या जपून ठेवल्या जायच्या. एक उधारीची, दुसरी जीपची. उधारीची वही वडलांच्या, म्हणजे आबांच्या मागं कुणी उघडली नाही. जीपची मात्र माझ्याकडं आहे. लाल कापडी पाठीची, कडेला तेलाचे डाग पडलेली.

आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस कमी, रस्ते खडीचे, एसटी दिवसातनं एकदा. १९७१ साली आबांनी जुनी जीप घेतली. बाजार, लगीन, आजारी माणूस, सगळ्याला तीच. पुढच्या वर्षी ७२ चा दुष्काळ आला, तेव्हा तर ती दुष्काळी कामांवरही धावली. ती चालवायला वाडीवरचा एक माणूस होता. आम्ही पोरं त्याला मामा म्हणायचो.

जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. तिच्यात सुमारे ४० लिटर पेट्रोल मावायचं. काटा घेतला तेव्हापासनं बंद. मामानं बाभळीची एक काठी तासून तिच्यावर खुणा केल्या होत्या. सीट उचलायची, झाकण काढायचं, काठी उभी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचं. जीप उतारावर उभी असली की काठी खोटं सांगते, हे मी त्याच्याकडनंच शिकलो.

ॲव्हरेज काढायची रीत आबांची. टाकी गळ्यापर्यंत भरायची आणि मीटर लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी पुन्हा गळ्यापर्यंत भरायची. जेवढं पेट्रोल नव्यानं बसलं तेवढंच मधल्या वाटेत जळालं. मधलं अंतर भागिले लिटर. पण मीटर मैलात आणि पेट्रोल लिटरवर! मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, जीपला त्याचा पत्ता नव्हता. आबा प्रत्येक आकड्याला १.६ नं गुणायचे. जुना मालक सांगायचा, गॅलनला २२ मैल. आबांचा हिशेब निघायचा लिटरला पावणेआठ किलोमीटर. गोष्ट एकच.

१९७३ च्या ऑक्टोबरात तिकडं अरब-इस्रायल युद्ध पेटलं. अरब देशांनी तेल आखडतं घेतलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेलं. आपल्याला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरनं यायचं. मुंबई हायचं तेल सापडलं ७४ साली, पण ते प्रत्यक्ष निघायला ७६ उजाडलं. मधल्या काळात पंपावरचा भाव ऐकून माणसं गाडी ढकलत न्यायची वेळ आली. आबा म्हणाले, "टाकीत पैसे कशाला सडवायचे? लागंल तसं पाच-पाच लिटर घालू."

मामा ऐकेना. "आबा, पंप रातचा उघडा नसतोय, आन् आजार रातचाच येतोय. काठी अर्ध्यावर आली की भरायचंच." वर म्हणाला, "पाच-पाच लिटर घातल्यावर तुमची वही तरी कशी जुळायची? गळा गाठल्याबिगर हिशेब लागतोय का?" हे आबांना पटलं. अर्धी टाकी म्हणजे वीस लिटर, म्हणजे दीडशे किलोमीटर. साताऱ्याला जाऊन परत यायला पुरेसं. तेव्हापासनं घरात नियम झाला, अर्ध्या काठीखाली जायचं नाही.

७४ च्या पावसाळ्यात माझी चुलती अडली. रात्रीचे अकरा, सुईणीनं हात टेकले. मामानं कंदिलाला लांब ठेवून काठी बुडवली, अर्ध्याच्या वर होती. पुसेगावच्या वाटेनं सातारा गाठला. तालुक्याचा पंप वाटेत अंधारात बंद दिसला, तो मला अजून आठवतो. पहाटे चुलतभाऊ झाला. आज तो पन्नाशीचा आहे.

आणि त्याच मामाला पुढच्या वर्षी आबांनी काढलं.

वहीत ते महिने स्पष्ट दिसतात. पावणेआठ. सात. पावणेसात. साडेसहा. तेव्हा पेट्रोल सोन्यासारखं झालेलं, नळी लावून पेट्रोल काढून विकणारे गावोगाव होते. चावडीवर कुणीतरी आबांच्या कानाला लागलं. आबांनी मामाला वही दाखवली. मामा एवढंच म्हणाला, "मला वाचता कुठं येतंय?" किल्ली ओट्यावर ठेवली आणि गेला. महिन्याभरानं मुंबईला गेल्याचं कळलं.

नव्या ड्रायव्हरच्या हातीही साडेसहाच. मग सहा. एकदा बाजारातनं परत आल्यावर मी ओढ्याचं पाणी आणून जीप धुवायला घेतली. मागच्या डाव्या चाकावर पाणी पडलं आणि तव्यावर पडल्यासारखं चर्र झालं. बाकी तिन्ही चाकं थंड. मिस्त्रीनं चाक खोललं. ब्रेक धरत होता. पाय काढला तरी लायनर ड्रमला घासतच राहायचा, आणि इंजिन सगळी वाट त्या चाकाला ओढत होतं. दुरुस्ती झाली. पुढच्या भरण्याला वहीत आलं, पावणेआठ.

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी घेऊन वहीत नवा रकाना आखला. वर लिहिलं, 'कारण'. तिथनं पुढं आकडा घसरला की त्या रकान्यात आधी टायरची हवा, मग ब्रेक, प्लग, कार्बोरेटर, घाटाची वाट, भरलेला माल, एकेक तपासून लिहिलेलं आहे. सगळं तपासून झाल्याशिवाय माणसाचं नाव घ्यायचं नाही, असं ते आम्हाला सांगायचे.

मामा जत्रेला गावी आला तेव्हा आबा त्याच्या दारात गेले. मी बरोबर होतो. वही उघडून त्यांनी सगळं वाचून दाखवलं. मामानं ऐकून घेतलं. म्हणाला, "आकडा खोटा नव्हता, आबा. पर मला इचारायचं तरी व्हतं. गाडी जड वडतीया हे मला पायाला कळत व्हतं." चहा दिला. परत कामावर काही आला नाही.

आता माझ्या गाडीत ॲव्हरेज काचेसमोर आपोआप दिसतं. २०१७ साली भाव रोज बदलायची पद्धत आली, पोरं म्हणतात उद्या स्वस्त होईल, उद्या भरू. मी काटा अर्ध्यावर आला की भरतो, गळ्यापर्यंत. आणि आकडा घसरला तर आधी गाडी थांबवून चाकांना हात लावून बघतो.